पेटीतलं बाळ, दाराबाहेरचे आईबाबा

‘सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ नवजात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर हे वाक्य आजही ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा घरातल्या जाणत्या माणसाच्याच तोंडून येतं. तेहेतिसाव्या-चौतिसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या आईच्या कानावर ते पडलं, की महिनाभर आधी बाळ आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटू लागतं. खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात काहीतरी टाकून जातो: फुप्फुसांना थोडी ताकद, कातडीला थोडी जाडी, दूध पचवण्याची थोडी तयारी. चौतिसाव्या आठवड्यातलं बाळ तिसाव्यातल्यापेक्षा किती तरी अधिक सुरक्षित असतं. या एका समजुतीपायी कितीतरी आयांनी पहिले दिवस विनाकारण धास्तीत काढले आहेत. म्हणून आईबाबांसाठीच्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी तिचाच समाचार आधी घेतला.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, आणि त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. कुठल्याही एका देशातला हा सर्वांत मोठा आकडा. म्हणजे ‘आमच्याच वाट्याला हे का’ असं विचारणारे आईबाप एकटे नाहीत, हे नक्की. पण एकटं वाटतं, कारण या अनुभवाबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही. बाळ सुखरूप घरी आलं की ते दिवस विसरायचे, आणि नाही आलं तर त्यांचं नावच काढायचं नाही, अशी आपली रीत.

माझं सगळं काम या बाळांमध्ये गेलं. डॉक्टरांसाठी या विषयावर जाडजूड ग्रंथ आहेत, परिचारिकांसाठी प्रशिक्षणाच्या पुस्तिका आहेत. आईबाबांच्या हातात मात्र सहसा संमतिपत्र पडतं आणि औषधांची चिठ्ठी. त्यांनी दाराबाहेर थांबायचं, बोलावलं की आत यायचं, सांगितलेलं ऐकून पुन्हा बाहेर जायचं. भेटायला आलेल्या पाहुण्यांत आणि जन्मदात्यांत फरकच करायचा नाही, ही आपल्या रुग्णालयांची जुनी सवय आहे आणि ती मला कधीच पटलेली नाही. आईचं दूध, आईबाबांच्या छातीची ऊब, त्यांचा आवाज आणि त्यांची नजर या गोष्टी उपचारांच्या कागदावर औषधांच्या बरोबरीने लिहायला हव्यात. आईबाबांना बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाही. त्यामागे भक्कम पुरावा आहे, आणि तो पुढे येईलच.

आधी पहिल्या दोन-तीन दिवसांबद्दल. बाळ लवकर येणार अशी चिन्हं दिसली की वेळ हाताशी असल्यास आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ती आईच्या अंगातून बाळापर्यंत पोचतात आणि त्याची फुप्फुसं लवकर तयार करतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं. तरीही काही बाळांना जन्मताच धाप लागते. फुप्फुसांतले हवेचे बारीक फुगे उघडे राहावेत म्हणून शरीर ‘सरफॅक्टंट’ नावाचा पदार्थ बनवतं. तो पुरेसा नसेल, तर प्रत्येक उच्छ्वासानंतर ते फुगे ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात, आणि ते पुन्हा उघडण्यातच बाळाची सगळी शक्ती खर्च होते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडं जास्त. सगळ्या देशाची वैद्यकीय ताकद पाठीशी असूनही तो ३९ तास जगला, कारण या आजारावर तेव्हा औषधच नव्हतं. मेरी एलन एव्हरी यांनी कारण १९५९ मध्येच शोधलं होतं. बाहेरून सरफॅक्टंट देऊन बाळं वाचवता येतात हे जपानच्या फुजिवारांनी १९८० मध्ये दाखवलं. आज तेवढ्याच दिवसांचं आणि तेवढ्याच वजनाचं बाळ बहुतेक वेळा काही दिवस सीपॅपवर राहून आईच्या कुशीत येतं. सीपॅप म्हणजे नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र. त्याची एक नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते आणि त्या पाण्यात बुडबुडे येत राहतात. पहिल्यांदा आत गेलेल्या वडिलांना त्या बुडबुड्यांची भीती वाटते. बुडबुडे येत आहेत म्हणजे दाब नीट आहे, एवढं कुणी सांगितलं तरी त्यांचा जीव भांड्यात पडतो.

मग आईची पहिली भेट. सिझर झालेलं, टाके ओढताहेत, एका हाताने भिंतीचा आधार घेत ती येते. चपला बाहेर, अंगावर गाऊन. सिस्टर म्हणतात, “ताई, बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. कोपरापर्यंत साबण लावून हात धुवा.” डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा असतो तो. सासूबाई दाराशी असतील तर डोळ्यांनीच नको म्हणतात. मी अशा वेळी त्यांनाच समजावते: काचेच्या बांगड्यांच्या खाली जंतू राहतात, आणि या बाळाची कातडी इतकी पातळ आहे की आपल्याला साधा वाटणारा जंतू त्याच्या रक्तात शिरू शकतो. बहुतेक आज्या ऐकतात. चुडा पिशवीत बांधून स्वतःच्या कमरेला खोचणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत.

आत गेल्यावर आईचा प्रश्न असतो, “हात लावला तर चालेल?” चालेल, आणि लावावा. पण कसा, ते महत्त्वाचं. आपल्याला बाळाला गोंजारायची, पाठीवरून हात फिरवायची सवय असते. अठ्ठावीस-तीस आठवड्यांच्या बाळाला ते हलकं फिरतं बोट सहन होत नाही. ते अंग ताणतं, श्वास अडखळतो. त्यापेक्षा एक तळहात डोक्याभोवती, दुसरा दुमडलेल्या पायांवर, असे दोन्ही हात स्थिर ठेवावेत आणि काही न करता तसंच थांबावं. गर्भाशयात चहूबाजूंनी जो आधार होता त्याच्या जवळचं काहीतरी त्याला मिळतं. पाच मिनिटांत पंजाची मूठ सैल होते. पेटीच्या काचेवर टिचक्या मारू नयेत, पेटीवर फाइल किंवा बाटली आपटू नये. आत तो आवाज फार मोठा होतो. हळू आवाजात बोलावं मात्र जरूर. तो आवाज त्याच्या ओळखीचा आहे.

मॉनिटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आईबाबांचे डोळे बाळापेक्षा त्या पडद्यालाच जास्त चिकटलेले दिसतात. ऑक्सिजनचा आकडा शंभरला पोचला की त्यांना हायसं वाटतं. पण ज्या बाळाला बाहेरून ऑक्सिजन चालू आहे, त्याच्यासाठी ९० ते ९५ हाच योग्य टप्पा. जादा ऑक्सिजन अपुऱ्या वाढलेल्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या बिघडवतो. १९४० आणि ५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत बाळांना मोकळ्या हाताने ऑक्सिजन दिला गेला आणि वाचलेली हजारो मुलं अंध झाली. म्हणून सिस्टर ऑक्सिजन कमी करताना दिसल्या तर घाबरू नका. त्या बाळाचे डोळे राखत आहेत. आणि एक तारीख स्वतः लक्षात ठेवा. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. अगदी लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. बाळ तोवर घरी गेलेलं असलं तरी. ही तपासणी चुकल्यामुळे कायमची गेलेली दृष्टी ही मला सर्वांत जास्त जाळणारी गोष्ट आहे, कारण वेळेवर लेझर केला असता तर ती वाचण्याची दाट शक्यता होती.

आता दूध. या पुस्तकातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं प्रकरण हेच. किलोभराच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी एक-दीड मिलिलिटर दूध लागतं, तेही तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीने. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग अंगावर, असा तो प्रवास. एवढ्याशा दुधाला काय अर्थ, असं आईला वाटतं. आणि पहिल्या दिवशी तिला येतंही तेवढंच: स्टीलच्या वाटीच्या तळाला चिकटलेला पिवळसर, दाट चीक. तो टाकून देण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. सिस्टर त्याचे दोन थेंब कापसाच्या बोळ्याने बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतात, कारण त्या थेंबांत जंतूंशी लढणारं जे आहे ते कुठल्याही डब्यातल्या पावडरीत नाही. अशा बाळांचं आतडं सुजून सडण्याचा एक भयंकर आजार असतो. आईच्या दुधावरच्या बाळांत तो बराच कमी दिसतो. म्हणून बाळ पेटीत असलं तरी जन्मानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागायचं आणि दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, काढत राहायचं. बाळ अंगाला नसताना पाझर फुटत नाही, अशी तक्रार प्रत्येक आई करते. पेटीजवळ बसून, बाळाकडे बघत काढलं की जास्त येतं, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आणि ज्या आईला अजून दूध उतरलंच नाही तिचं काय? याचं उत्तर मुंबईतल्या शीव रुग्णालयात सापडतं. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. पालिकेचं रुग्णालय, गर्दी, जंतुसंसर्गाने दगावणारी बाळं, आणि पावडरच्या दुधाला पक्का नकार. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, सर्वांत नाजूक बाळांना द्यायचं, ही कल्पना धारावीच्या शेजारी रुजली याचा मला अभिमान वाटतो. ‘दुसऱ्या बाईचं दूध?’ असं विचारणाऱ्यांना मी कृष्णाला यशोदेने वाढवल्याची आठवण करून देते. त्यापुढे सहसा कुणी काही बोलत नाही.

छातीच्या उबेची गोष्ट कोलंबियातल्या बोगोटापासून सुरू होते. १९७८ मध्ये तिथल्या डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्याकडे पेट्या अपुऱ्या होत्या. एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवण्याऐवजी त्यांनी बाळाला आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. दोन स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली म्हणजे श्वासनलिका मोकळी राहते. वरून कापडाने बांधलेलं. साडीचा पदरही त्यासाठी पुरतो. गरिबांची पर्यायी पेटी म्हणून बरीच वर्षं या पद्धतीकडे पाहिलं गेलं, आणि बाळ पुरतं स्थिरावल्यावरच ती सुरू करायची असा दंडक पडला. तो मोडला दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाने आणि घाना, मलावी, नायजेरिया, टांझानियातल्या चार रुग्णालयांनी मिळून. एक किलो ते १.८ किलोंच्या आतल्या बाळांना जन्मापासूनच आईच्या छातीवर ठेवलं, त्यासाठी आईचा पलंगच अतिदक्षता विभागात हलवला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्थिरावण्याची वाट पाहिलेल्या गटात महिनाभरात १५.७ टक्के बाळं दगावली, जन्मापासून छातीवर असलेल्या गटात १२ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला. दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशी काळजी लवकरात लवकर सुरू करा आणि दिवसातले ८ ते २४ तास द्या, असं सांगितलं.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या आईला आपण दाराबाहेर बसवतो तिच्या अंगात बाळांचे जीव वाचवणारा उपचार आहे, आणि तो फुकट आहे. दिल्लीच्याच राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना शिकवून बाळाच्या रोजच्या देखभालीत सामील करून घेण्याचा प्रयोग झाला, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या मार्गदर्शक सूचना देशभरासाठी काढल्या. कागद आहे, पुरावा आहे. आडवी येते ती जागेची टंचाई, खुर्च्यांची टंचाई, आणि ‘नातेवाईक आत आले की संसर्ग वाढतो’ ही धारणा. हात धुतलेली आई संसर्ग आणत नाही. पाच देशांतल्या त्या अभ्यासात तर जन्मापासून छातीवर असलेल्या बाळांत जंतुसंसर्गाचा संशय कमीच आढळला.

वडिलांविषयी आपण फार कमी बोलतो. आई वॉर्डात, बाळ आत, आणि ते रक्तपेढी, औषधांचं दुकान, बिलाची खिडकी आणि ऑफिसचे फोन यांच्यात. खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदाच नाही. त्यांनाही बाळाला छातीवर घेता येतं, आजीलाही येतं. खर्चाबद्दल संकोच न करता पहिल्याच दिवशी विचारावं. सरकारी रुग्णालयांत जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला गाठावं.

घरच्यांसाठीही या पुस्तकात चार पानं आहेत, ती मला विशेष आवडली. पाचवी पुजायची कशी, बाराव्या दिवशी बारसं नाही तर मग कधी, सुवेर धरायचं का, हे प्रश्न बाहेरच्याला किरकोळ वाटतील, पण बाळंतिणीला ते टोचतात. बाळाच्या पायातल्या पट्टीवर आईचंच नाव असतं. नाव ठेवायला मुहूर्ताची वाट कशाला पाहायची? पेटीजवळ उभं राहून हळूच कानात सांगितलेलं नाव सिस्टर त्याच दिवसापासून वापरू लागतात. आणि रोज फोन करून ‘वजन किती वाढलं?’ विचारणाऱ्या नातलगांना एवढंच सांगावं, की पहिल्या आठवड्यात या बाळांचं वजन घटतंच. जन्माच्या वजनावर परत यायला दोन आठवडे लागू शकतात.

या वाटेत चढउतार असतात. काल नळी निघालेलं बाळ आज पुन्हा सीपॅपवर जातं. श्वास घ्यायचंच विसरतं, मॉनिटर वाजू लागतो, सिस्टर तळपायावर टिचकी देतात आणि ते पुन्हा श्वास घेतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र पक्व झालं की हे थांबतं. तोवर कॅफिनचं औषध चालतं. मेंदूत रक्तस्राव तर नाही ना हे पाहायला टाळूतून सोनोग्राफी होते. काही बाळं एवढं सगळं करूनही वाचत नाहीत. या पुस्तकाच्या लेखिकांनी त्यावर वेगळं प्रकरण लिहिलं आहे, शेवटच्या तासांत बाळाला नळ्यांसकट मांडीवर घेता येतं, त्याचा हात हातात धरता येतो, हे स्पष्ट सांगणारं. ते लिहिताना त्या डगमगल्या नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. या आईबापांना ‘दुसरं होईल’ असं म्हणू नये.

घरी आल्यावर काळजी संपत नाही, पण तिचं रूप बदलतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवता येतात हे १९९९ मध्ये जगापुढे मांडलं. आज आशाताई घरोघरी येऊन बाळ पाहतात त्यामागे ते काम आहे. त्यांना परतवू नका. लस जन्मतारखेप्रमाणे द्यायची, पण वाढ मोजताना जितके आठवडे आधी आलं तितके वजा करायचे. दोन महिने आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं असताना दोन महिन्यांच्या बाळासारखंच वागणार. शेजारच्या बाळाने मान धरली म्हणून जीव टांगणीला लावू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोंखालच्या बाळांचा तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेत होती, बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी कमी. लेखन आणि गणितात अडचणी दिसल्या. म्हणजे शाळेत जाईपर्यंत आणि गेल्यावरही तपासणी चालू ठेवायची, आणि गणितात मागे पडलेल्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याची जन्माची फाइल काढून पाहायची.

हे पुस्तक एका बैठकीत वाचायचं नाही. बाळ आजच दाखल झालं असेल तर दुधाचं प्रकरण आधी वाचा, आणि आई ग्लानीत असेल तर बाबांनी तिला वाचून दाखवा. यंत्रांची प्रकरणं नंतर, जे यंत्र बाळाला लागलं असेल तेवढंच. शेवटी काही कोरी पानं आहेत. त्यांवर वजन, दूध, डोळ्यांची आणि कानांची तपासणी, सोनोग्राफी, रक्त दिल्याच्या तारखा तुमच्या हाताने लिहा, आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर ती पानं पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.